साडेसहा टनांचा सूर

माझ्या जॉयस्टिकच्या पोटात एक स्प्रिंग आहे. विमान कोणतंही निवडा, वेग कितीही असू द्या, ती मनगटाला तेवढाच विरोध करते; तिला हवेचा पत्ताच नाही. पण पी-४७ थंडरबोल्ट घेऊन उंचावरून सूर मारला, वेगाचा काटा ताशी साडेचारशे मैलांच्या पुढे सरकला आणि मी स्टिक पोटाकडे ओढली, की पडद्यावरच्या कॉकपिटमधली स्टिक माझ्याबरोबर येत नाही. माझी शेवटाला टेकलेली असते, तिथली मध्येच अडलेली. एवढ्या वेगात माणसाचा हात किती जोर लावू शकेल याचा हिशेब गेममध्ये घातलेला आहे आणि त्या हिशेबापुढे माझ्या घाईला काही किंमत नाही. खालची शेतं मोठी होत जातात. विमान आपल्या सवडीने नाक वर घेतं.

या दोन स्टिकांमधलं अंतर मला या खेळातली सगळ्यात खरी जागा वाटते. सिम्युलेटरवर विमानं उडवणारे आम्ही लोक 'हे हलकं वाटतं', 'ते जड वाटतं' असं अगदी सहज बोलतो. वास्तविक आमच्या अंगावर काहीच पडत नाही. खुर्ची हलत नाही, पोटात गोळा येत नाही, गिरकीत रक्त पायांकडे उतरत नाही. फार तर पडद्याच्या कडा काळवंडतात आणि हेडफोनमध्ये कुणाचा तरी श्वास जड होतो. मग वजन कळतं कशावरून? माझ्यापुरतं उत्तर असं की, उशिरावरून. मी ठरवलं आणि विमानाने केलं, यांच्यामध्ये जो वेळ जातो तो थंडरबोल्टमध्ये इतका लांब असतो की त्यात मावेल एवढा पश्चात्ताप करता येतो. हलक्या विमानात चूक झाली की दुरुस्त करायची. जड विमानात ती होण्याच्या दहा सेकंद आधीच दुरुस्त करावी लागते.

माझा पुतण्या बंगळुरात सॉफ्टवेअरमध्ये आहे. शनिवारी रात्री आम्ही दोघं ऑनलाइन बरोबर उडतो. इल-२ मालिकेतला बोडेनप्लाटेचा भाग आमच्या आवडीचा. १९४४ची अखेर, बेल्जियम-हॉलंडचा सपाट मुलूख, जर्मनीची सरहद्द आणि ऱ्हाइन नदी. तो स्पिटफायर घेतो, मी थंडरबोल्ट. "काका, सोडा ना आता ती म्हैस," हे वाक्य हेडफोनमधून नेमाने येतं. म्हशीबद्दल माझी तक्रार नाही. त्याने म्हैस फक्त रस्त्यात आडवी बसलेली पाहिली आहे. उताराला लागलेली म्हैस ज्यांनी पाहिली आहे ते तिच्या वाटेत उभे राहत नाहीत.

आकडे त्याच्या बाजूने आहेत, हे मान्य करायला हवं. लढाईला निघालेलं स्पिटफायर मार्क नऊ सव्वातीन टनांच्या घरात भरतं. दारूगोळा आणि पेट्रोल घेतलेलं थंडरबोल्ट साडेसहा टनांचं, आणि पंखाखाली बाँब टांगले की आठ टनांपर्यंत जातं. एक इंजिन, एक माणूस, आणि वजन दुप्पट. दुसऱ्या महायुद्धात एका इंजिनाची लढाऊ विमानं पुष्कळ देशांनी बांधली, पण एवढं अवजड आणि तेही हजारोंच्या संख्येनं दुसऱ्या कुणी बांधलं नाही. थंडरबोल्ट साडेपंधरा हजारांच्या वर तयार झाली.

हे असं का झालं, याचं उत्तर विमानाच्या पोटात आहे. आखणारा अलेक्झांडर कार्टवेली मूळचा जॉर्जियातल्या तिबिलिसीचा, फ्रान्समार्गे अमेरिकेत आलेला. त्याच्या रिपब्लिक कंपनीकडे आधी मागणी होती ती एका हलक्या, छोट्या विमानाची. युरोपातल्या लढाईच्या बातम्या येऊ लागल्या तसा १९४०मध्ये तो बेत बाजूला पडला आणि कार्टवेलीने नव्याने कागद घेतला. या खेपेला त्याने सुरुवात केली ती प्रॅट अँड व्हिटनीच्या अठरा सिलिंडरांच्या, सेहेचाळीस लिटरच्या, दोन हजार अश्वशक्तीच्या इंजिनापासून. विरळ हवेतही या इंजिनाचा दम टिकावा म्हणून टर्बो हवा, आणि तो बसवायला जागा उरली थेट शेपटीकडे. म्हणजे नाकाखालून आत आलेली हवा वैमानिकाच्या आसनाखालून मागे जाणार, शेपटीत दाबली जाणार, वाटेत थंड होणार आणि पुन्हा तेवढंच अंतर कापून पुढे इंजिनात शिरणार. एवढे नळ मावायचे तर पोट खोल हवं. इंजिनाची ताकद पेलायची तर चार पात्यांचा, पावणेचार मीटर व्यासाचा पंखा हवा. तो जमिनीला लागू नये म्हणून चाकांचे पाय लांब हवेत. पण पंखात दोन्हीकडे चार-चार मशीनगन बसवलेल्या, तेव्हा लांब पाय मिटायला जागा कुठली? मग ते पाय आत जाताना आखडून वीतभर तोकडे होतील अशी सोय केली. एक गरज दुसरीला जन्म देत गेली, आणि ६ मे १९४१ला जे हवेत उठलं त्याला त्याच्या वैमानिकांनी पुढे 'जग' (इंग्रजी jug) असं लाडकं नाव दिलं. हा डायनॉसॉर होणार, पण प्रमाणबद्ध होणार, असं कार्टवेली स्वतःच म्हणाला होता म्हणतात.

मला हा पसारा आवडतो. गेममध्ये कॉकपिटच्या डाव्या हाताला थ्रॉटल, पंख्याचे फेरे, टर्बो, मिक्स्चर असे दांडे ओळीने असतात. शिवाय इंजिनाभोवतीची झाकणं, तेल थंड करणारी झाकणं, इंटरकूलरची झाकणं. स्पिटफायरवाल्याला यातलं बरंचसं आपोआप मिळतं. मी मात्र चढताना एक डोळा तापमानावर ठेवून असतो. झाकणं उघडावीत तर हवा अडते आणि वेग मरतो. मिटावीत तर इंजिन तापतं. ही कटकट आहे हे उघडच. पण या कटकटीमुळेच लढाईच्या आधीचा वेळ रिकामा जात नाही, आणि जड विमानाचा बहुतेक सगळा शहाणपणा त्या आधीच्या वेळातच वापरायचा असतो.

इंग्लंडमधल्या वैमानिकांनी १९४३च्या आरंभी हे विमान पहिल्यांदा पाहिलं तेव्हा थट्टेला ऊत आला. मागे जर्मन विमान लागलं तर थंडरबोल्टवाल्याने पट्टे सोडावेत आणि विमानाच्या आतल्या आत धावून गोळ्या चुकवाव्यात, असा विनोद रॉयल एअर फोर्समध्ये फिरत होता. अमेरिकेच्या चौथ्या फायटर ग्रुपमधले पुष्कळजण स्पिटफायर सोडून थंडरबोल्टवर आलेले. त्यांचं दुःख मला माझ्या पुतण्यामुळे चांगलं समजतं. त्यांच्यातल्या डॉन ब्लेकस्लीने १५ एप्रिल १९४३ला सुरात गाठून एक फॉके-वुल्फ १९० पाडलं. हे विमान सुरात जर्मनांना मागे टाकतं हे तुम्ही सिद्ध केलंत, असं कौतुक झालं तेव्हा तो म्हणाला की, खाली तरी नीट जायलाच हवं याने, वर जायचं नाव नाही! मूळ शब्द वेगळे असतील, भाव हाच.

तो चिडून बोलला, पण त्यात या विमानाची सगळी पद्धत आली. वळण्यात ते मार खातं याचं कारण सरळ आहे. पंखाच्या दर चौरस मीटरवर स्पिटफायरला दीडशे किलो वाहायचे असतात, थंडरबोल्टला सव्वादोनशेच्या वर. घट्ट वळण म्हणजे पंखाकडे जास्तीची उचल मागणं. ज्याच्याकडे आधीच ओझं आहे तो कमी देणार. पडदा थरथरायला लागतो, ही विमानाने दिलेली सूचना. ती ऐकली नाही तर एक पंख खाली पडतो आणि साडेसहा टन आपल्या मर्जीने फिरू लागतात. नवखे खेळाडू इथेच या विमानाला कायमचा रामराम ठोकतात.

सुराचं गणित मात्र जरा गमतीचं आहे. जड वस्तू वेगाने पडते असं लोकांना वाटतं, आणि शाळेतले मास्तर गॅलिलिओचं नाव घेऊन ते खोडून काढतात. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. हवा नसती तर थंडरबोल्ट आणि स्पिटफायर सारख्याच वेगाने पडली असती आणि तेवढ्याच वेगाच्या बदल्यात तेवढीच वर चढली असती. ताशी चारशे मैलांवरून दीडशेवर येईपर्यंत सरळ वर गेलं तर कागदावरच्या हिशेबाने जवळजवळ चौदाशे मीटर उंची मिळते, विमान कोणतंही असो. पण हवा आहे, आणि ती अडवते ती आकाराला. अडवणूक थोडी जास्त आणि वजन दुप्पट, असा सौदा झाला की हवेच्या अडवणुकीचा वाटा वजनाच्या मानाने लहान होतो. म्हणून थंडरबोल्टचा वेग सुरात वाढत राहतो आणि वर येताना तो लवकर संपत नाही. वेग वाढल्यावर कूस बदलण्यातही ते भल्याभल्यांना मागे टाकतं. तेव्हा करायचं एवढंच: उंचावर थांबायचं, खालच्याला हेरायचं, त्याच्यावर एकदाच उतरायचं, आणि लागलं न लागलं तरी न वळता पुन्हा वर निघून जायचं. छप्पन्नाव्या फायटर ग्रुपच्या ह्यूबर्ट झेम्केने आपल्या पोरांना हेच शिकवलं, आणि इंग्लंडमधल्या आठव्या एअर फोर्सचे बाकी सगळे ग्रुप मस्टँगवर गेले तरी त्याचा ग्रुप शेवटपर्यंत थंडरबोल्टवरच राहिला.

कागदावर सोपं वाटतं. प्रत्यक्षात 'न वळता' हे दोन शब्द पाळणं माझ्या स्वभावाला फार जड जातं. समोरचा निसटला की मान आपोआप त्याच्याकडे वळते, डोक्यावरचा ट्रॅकर ती मान पडद्यावर नेतो, आणि मानेपाठोपाठ हात जातो. गोळी लागण्याजोगं अंतर दिसत असतं. अजून थोडंसं ओढलं की झालं. या 'थोडंसं'च्या पोटी मी जमा केलेली सगळी उंची आणि सगळा वेग किती वेळा उधळला असेल! इथे विमान फितवत नाही, फितवतो तो समोरचा. निम्म्या वजनाच्या मेसरश्मिट १०९चा हुशार वैमानिक मुद्दाम थोडा सावकाश उडून दाखवतो, जरा वळून दाखवतो, आणि वाट पाहतो.

सुराचंही एक टोक आहे. नोव्हेंबर १९४२मध्ये हॅरॉल्ड कॉमस्टॉक आणि रॉजर डायर हे दोन तरुण वैमानिक खूप उंचावरून सूर मारून खाली आले. वेगाचा काटा ताशी सव्वासातशे मैल दाखवत होता, आणि कंपनीने त्याची बातमी करून टाकली. म्हणजे आवाजाच्या वेगाला मागे टाकलं! पंख्याच्या विमानाला ते शक्य नव्हतं. एवढ्या वेगाला काट्यापर्यंत पोचणारी हवाच खोटं बोलू लागते. पण त्या दोघांनी जे भोगलं ते खरं होतं. पंखावरून जाणारी हवा ठिकठिकाणी आवाजाच्या वेगाला भिडली की दाबाच्या भिंती उभ्या राहतात आणि स्टिक सिमेंटमध्ये रोवल्यागत होते. त्यातून सुटायचा उपाय म्हणजे वाट पाहणं. खालच्या उबदार हवेत आवाजाचा वेग जास्त आणि हवाही दाट, त्यामुळे तिथे पोचल्यावर विमान पुन्हा ऐकायला लागतं. दरम्यान घाबरून ट्रिमचं चाक फिरवत सुटलेला वैमानिक त्या क्षणी इतक्या जोराने वर फेकला जातो की विमान मोडायची वेळ येते. पुढच्या थंडरबोल्टना यासाठी पंखाखाली छोट्या पट्ट्या बसवल्या. गेममध्ये हा प्रसंग मी हौसेने घडवून आणतो. पंचवीस हजार फुटांवरून नाक खाली. माहीत असूनही वाट पाहण्याचे ते काही सेकंद मला नीट बसू देत नाहीत. बोटं ट्रिमकडे जातातच.

पेट्रोलबद्दल एक नोंद इथेच करतो, कारण त्यावरून पुतण्याशी माझं नेहमी वाजतं. मिशनच्या आधी टाकी किती भरायची हे गेम विचारतो. नंतरच्या थंडरबोल्टच्या पोटात चौदाशे लिटर मावतं, म्हणजे साधारण एक टन. इंजिनाला पूर्ण जोर दिला तर तासाला हजारभर लिटर जातं. पण ऑनलाइन लढाई अर्ध्या तासात आटोपते, म्हणून बहुतेक खेळाडू टाकी अर्धी किंवा त्याहून कमी ठेवतात. विमान अर्ध्या टनाने हलकं होतं, जरा बरं वळतं. यात नियमाबाहेरचं काही नाही. मला मात्र ते पटत नाही. इंग्लंडमधून जर्मनीच्या हद्दीपर्यंत जाऊन परत यायचं असणाऱ्यांना हा पर्याय नव्हता. त्यांना हे विमान त्याच्या सगळ्या वजनासकट मिळालं होतं. अर्ध्या टाकीचं थंडरबोल्ट उडवणं म्हणजे एका अशा विमानाचा सराव करणं, जे लढाईच्या आरंभी कुणाच्याच वाट्याला आलं नव्हतं. पुतण्या म्हणतो, "काका, तुम्ही गेममध्ये पण तत्त्व काढता."

या वजनाने माणसं घरी परत आणली, ही दुसरी बाजू. २६ जून १९४३ला छप्पन्नाव्या ग्रुपच्या रॉबर्ट जॉन्सनचं विमान फ्रान्सवर चाळणी होऊन गेलं. त्याने उडी मारायचं ठरवलं, पण कॉकपिटची काच गोळ्यांनी वाकून अडकली होती, सरकेना. मग तशा विमानाने तो इंग्लंडकडे निघाला. वाटेत एक फॉके-वुल्फ मागे लागलं. त्याने पुन्हा पुन्हा येऊन गोळ्या घातल्या, त्या संपल्या, तेव्हा शेजारी येऊन पाहिलं, पंख हलवले आणि तो निघून गेला. जॉन्सन उतरला. विमानाची भोकं मोजायला लागला आणि दोनशेच्या पुढे जाऊन त्याने मोजणं सोडून दिलं. माझ्या कीबोर्डवर कंट्रोल आणि ई अशी दोन बटणं आहेत. दाबून धरली की छत्री उघडते आणि मी चहा ठेवायला उठतो. जॉन्सनच्या त्या परतीच्या उड्डाणाचं काहीही माझ्या खोलीत येऊ शकत नाही, हे मला आधी कबूल आहे. आलं असतं तर मी हा खेळ खेळलो नसतो.

१९४४च्या उन्हाळ्यापासून थंडरबोल्टचं मुख्य काम जमिनीवरचं झालं. आगगाड्या, पूल, ट्रकांच्या रांगा, तळावर उभी विमानं. आठ मशीनगन एका वेळी सोडल्या की सेकंदाला शंभराच्या आसपास गोळ्या निघतात. गेममध्ये त्यांचा मारा किती अंतरावर एकत्र यावा हे ठरवता येतं. अडीच-तीनशे मीटरवर ठेवला तर इंजिनाच्या बॉयलरमधून वाफेचा लोट उठतो, आणि खोटं कशाला बोलू, त्या लोटाचं समाधान फार मोठं असतं. वजन इथे पुन्हा आडवं येतं. सूर उथळ असतो, जमीन शंभर मीटरवर, लक्ष्य समोर, आणि वर उचलण्याचा निर्णय लक्ष्य चांगलं दिसू लागण्याच्या आधी घ्यावा लागतो. अठ्ठावीस विमानं पाडलेला फ्रान्सिस गॅब्रेस्की २० जुलै १९४४ला मायदेशी लग्नाला निघायच्या तयारीत होता. आणखी एक मोहीम म्हणून गेला. कोब्लेंट्सजवळच्या एका तळावर तो इतका खाली उतरला की पंख्याची पाती जमिनीला घासली. विमान शेतात उतरवावं लागलं आणि युद्धाचा उरलेला काळ कैदेत गेला. पावणेचार मीटरचा तो पंखा कुठवर पोचतो हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

गेमच्या भागाला ज्या मोहिमेचं नाव दिलंय त्या १ जानेवारी १९४५च्या सकाळी जर्मनांनी बेल्जियम, हॉलंड आणि फ्रान्समधल्या तळांवर झडप घातली. मेट्झच्या तळावर थंडरबोल्ट उभ्या उभ्या जळाली. अशच्या तळावरून मात्र काही थंडरबोल्ट बाँब घेऊन नुकतीच उठली होती. त्यांनी ते बाँब तिथेच सोडून दिले आणि तळाच्या डोक्यावरच लढाईला भिडली. गेममध्ये हे करून पाहावं असं माझं सगळ्यांना सांगणं आहे. बाँब सुटल्याबरोबर विमान हातात उसळतं. पडद्यावर काही लिहून येत नाही, पण वजनाचा पुरावा याहून लख्ख मला कुठे मिळालेला नाही.

आपल्याकडचा संबंध सांगायचा तर तो थोडा आडवळणाचा आहे. रॉयल एअर फोर्सला आठशेच्या वर थंडरबोल्ट मिळाली आणि लढाईत ती वापरली गेली ब्रह्मदेशात, आराकानच्या डोंगरांवर आणि इरावतीच्या खोऱ्यात. हरिकेनवरून या विमानावर यायचं प्रशिक्षण काही स्क्वाड्रननी १९४४मध्ये घेतलं ते बंगळुराजवळच्या यलहंक्यात. पुतण्या एअरो इंडियाची कसरत बघायला यलहंक्याला जातो आणि मला व्हिडिओ पाठवतो. हे सांगितलं तेव्हा तो थोडा वेळ गप्प होता, नंतर म्हणाला, "म्हणजे आमच्या इथे पण म्हशी होत्या."

पण मला जास्त आठवतं ते इटली. ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. नदीच्या दोन्ही काठांना उंच बांध आणि बांधाच्या पोटात जर्मन मशीनगन. पायदळात मराठा लाइट इन्फन्ट्री. दुपारपासून शेकडो बाँबर येऊन गेले, तोफा चालू होत्या, आणि जवान पुढे निघायच्या जरा आधी लढाऊ-बाँबर विमानांनी बांधावर खोटे सूर मारले. बाँब न टाकता, नुसते. जर्मनांनी डोकं वर काढू नये एवढ्यासाठी. त्यानंतर जे झालं ते माणसांनी पायी केलं: नगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी सोबत्यांना एकेक करून खोल पाण्यातून, बांधावरून, सुरुंगांतून मागे सुरक्षित जागी नेलं, परत येऊन मशीनगनचे तीन अड्डे गप्प केले आणि बांधावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना दिली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

खोटा सूर ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. मी टेबलाशी बसून जे करतो ते तर सगळं खोटंच आहे. पण तिथे, खऱ्या लढाईत, खऱ्या वैमानिकांनी मुद्दाम खोटं उड्डाण केलं, कारण खालच्या माणसाला वरून येणारं वजन खरं की खोटं हे डोकं वर काढल्याशिवाय कळणार नव्हतं. आमच्या गेममध्ये खालचा माणूस नसतो. ट्रक असतात, आगगाडी असते, विमानविरोधी तोफेभोवती दोन-चार ठोकळेवजा आकृती असतात. वरून येणाऱ्याचं सगळं गणित बारकाव्याने मांडलंय, पण ज्याच्यावर ते येतं त्याच्यासाठी गणितच नाही. वाफेच्या लोटाने मला जे समाधान मिळतं ते या उणिवेवर उभं आहे, आणि हे कळूनही मी आगगाडी सोडत नाही.

उतरणं हा या विमानाचा कंटाळवाणा आणि म्हणून उपेक्षित भाग. फ्लॅप सगळे खाली, ताशी सव्वाशे मैल, आणि थ्रॉटल शेवटपर्यंत थोडा उघडा. तो मिटला की थंडरबोल्ट तरंगत बसत नाही, सरळ खाली येतं. जमिनीला लागल्यावर नाकापुढचं काही दिसत नाही, म्हणून डावी-उजवीकडे नागमोडी जावं लागतं. खऱ्या तळांवर पंखावर एक मेकॅनिक बसून हाताने वाट दाखवायचा. आमच्या सर्व्हरवर अशा कामाला कोण येणार!

गेल्या शनिवारी पुतण्याने आपणहून थंडरबोल्ट घेतलं. बहुधा यलहंक्याचा परिणाम. टाकी पूर्ण भरली, तीन बाँब टांगले, आणि मला न विचारता माझ्या पुढे धावपट्टीवर सुटला. अर्ध्यावर गेल्यावर शेपूट उचललं, तीन-चतुर्थांशावर मी त्याला फ्लॅपची आठवण केली, आणि धावपट्टी संपली तेव्हा हेडफोनमध्ये एवढंच आलं: "काका, हे उठत का नाहीये?"

"ओढू नकोस," मी म्हटलं. "उठेल. तू ओढू नकोस फक्त."

त्याने ओढलं.